नेपोलियन राजा न होता थेट सम्राट का झाला?

प्रश्न: फ्रेंच क्रांतीत १७९३ ला राजाचं (सोळावा लुई) मुंडकं उडवलं आणि ११ वर्षांत परत मुकुट? लोकांना चाललं कसं काय?

उत्तर १: राजा म्हटलं की बूर्बाँ (फ्रान्सचं जुनं राजघराणं) आठवणार, सम्राट म्हटलं की रोम, शार्लमेन (मध्ययुगातला मोठा फ्रँक सम्राट). त्यात १८०४ च्या सुरुवातीला नेपोलियनला मारायचा कट उघड झाला, मग गादी वंशपरंपरागत केली की एकाला मारून उपयोग नाही, आणि क्रांतीत ज्यांनी चर्चच्या जमिनी घेतल्या त्यांनाही बूर्बाँ परत नकोच होते, जमीन गेली असती ना.

उत्तर २: पण जनमत घेतलं होतं ना?

उत्तर १: हो, सिनेटने मे मध्ये आधीच ठरवून टाकल्यावर 😄

उत्तर ३: हैतीचा (कॅरिबियनमधली फ्रान्सची आधीची वसाहत) सम्राट देसालिन विसरलात, त्याचा राज्याभिषेक ऑक्टोबर १८०४, नेपोलियनच्या आधी. आणि तिथल्या १८०५ च्या घटनेत मुकुट वंशपरंपरागत नाही असं चक्क लिहिलंय.