एकाच घरात तिघांना ‘अतिसंवेदनशीलता’: हा एकच आजार आहे का?

नीरेकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार. आमचे गाव नीरा नदीच्या काठी असून घरची शेती आहे. वडिलांचे वय ६१ आहे. गेली चार वर्षे त्यांच्या चेहऱ्याची, मानेची आणि कोपराच्या आतल्या घडीची त्वचा जाड व काळपट होत चालली असून खाजेमुळे त्यांना रात्र रात्र झोप लागत नाही. सुरुवातीला पावसाळ्यात येणारा हा त्रास दिवाळीनंतर उतरत असे, आता मात्र तो बारा महिने राहतो. सेटिरिझिन या ॲलर्जीवरच्या गोळीने गुंगी येते, पण खाज जात नाही. अधूनमधून एका डॉक्टरांकडे इंजेक्शन मिळते, त्याने पंधरा दिवस त्वचा स्वच्छ होते आणि मग दुखणे पूर्वीपेक्षा जोराने उलटते.

आईला घर झाडताना शिंकांची सर येते, तिला मात्र तीच सेटिरिझिन लगेच लागू पडते. धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी घोणस चावली होती. सर्पविषावरील औषध देऊन त्याचा जीव वाचला, पण घरी आल्यावर नवव्या दिवशी ताप, सांधेदुखी आणि अंगभर पुरळ आले. या तिन्ही वेळी वेगवेगळ्या डॉक्टरांनी ‘हायपरसेन्सिटिव्हिटी’ हाच शब्द वापरला. हा आमच्या घराण्यातला एकच आजार आहे का, आणि तसे असेल तर एकच औषध तिघांना का चालत नाही, हे कोणी समजावून सांगितल्यास उपकार होतील.

त्वचावैद्य_पुणे:

तिन्ही डॉक्टरांनी शब्द बरोबर वापरला आहे, पण आजार तीन आहेत. एरवी निरुपद्रवी ठरणाऱ्या एखाद्या पदार्थावर शरीराची प्रतिकारयंत्रणा इतक्या जोराने तुटून पडते की इजा त्या पदार्थाने न होता त्या प्रतिकारानेच होते, तेव्हा आम्ही त्या स्थितीला अतिसंवेदनशीलता, म्हणजेच हायपरसेन्सिटिव्हिटी, म्हणतो. हा प्रतिकार कोणत्या मार्गाने होतो, त्यावरून १९६३ साली जेल आणि कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिचे चार प्रकार सांगितले, आणि आजही आम्ही विचाराची सुरुवात तेथूनच करतो.

आईंच्या शिंका पहिल्या प्रकारच्या आहेत. त्यांच्या नाकातील मास्ट पेशींवर आयजीई नावाची प्रतिपिंडे (परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारी प्रथिने) आधीच बसलेली असतात आणि धूळ पोहोचताच काही मिनिटांत त्या पेशींतून हिस्टामिन हे शिंका व खाज आणणारे रसायन बाहेर पडते. सेटिरिझिन हिस्टामिनलाच अडवते, म्हणून त्यांना गुण येतो. ॲलर्जीचा दमा आणि पेनिसिलिनने क्वचित येणारा जीवघेणा धक्का हेही याच प्रकारातले, आणि घराण्यात चालत येते ती प्रवृत्ती मुख्यतः हीच. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ चुकीच्या गटाचे रक्त चढवल्यावर, प्रतिपिंडे थेट पेशींवर हल्ला करतात. तुमच्या घरात तो नाही.

भावाचा त्रास तिसऱ्या प्रकारचा होता. सर्पविषावरील औषध घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होते. त्यातील परक्या प्रथिनांविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे बनवण्यास आठवडाभर लागतो, आणि मग दोघांचे मिळून झालेले पुंजके सांध्यांत व बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. नववा दिवस त्यामुळेच आला. येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: त्याला पुन्हा विषारी साप चावला तर ‘मला सोसत नाही’ म्हणून त्याने हे औषध नाकारू नये. मागची हकिकत डॉक्टरांना सांगावी, ते ॲड्रेनॅलिन हे तीव्र ॲलर्जीवरचे इंजेक्शन हाताशी ठेवून औषध देतील. ही रिॲक्शन आवरता येते, पण औषधावाचून विष आवरत नाही.

वडिलांचे वर्णन चौथ्या प्रकाराशी जुळते. यात प्रतिपिंडांचा संबंध नसतो. त्वचेत आलेल्या पदार्थाला टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, ओळखतात आणि दोन दिवसांनी दाह पेटतो. क्षयरोगासाठी हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात, ती याच तत्त्वावर. हिस्टामिनचा येथे फारसा वाटा नसल्याने सेटिरिझिन निरुपयोगी ठरते. न तपासता निदान करणे योग्य नाही, तरी माझा पहिला संशय गाजरगवतावर आहे. वरच्या पापण्या, कानामागचा भाग आणि हनुवटीखालची जागा येथेही चट्टे आहेत का, ते पाहा. निव्वळ उन्हाचा त्रास या झाकलेल्या जागा बहुधा सोडतो, पण हवेतून येणारे गवताचे कण त्या सोडत नाहीत.

बांधावरचा_कृषिपदवीधर:

आपल्याकडे या गवताचा फैलाव १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम ध्यानात आला, त्यामुळे आमच्या भागाचा आणि त्याचा संबंध जुना आहे. एक झाड हजारो बिया टाकते, म्हणून फुलोऱ्यापूर्वी ओल्या जमिनीतून मुळासकट उपटणे हाच खरा उपाय. मात्र ते काम वडिलांनी करू नये, आणि इतरांनीही हातमोजे व पूर्ण बाह्या घालूनच करावे. उपटलेले गवत बांधावर वाळत टाकणे किंवा जाळणे टाळावे. पार्थेनिन हे त्रासदायक द्रव्य पानांवरील बारीक केसांत असते आणि वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याबरोबर घरापर्यंत येतो. पड जागेत टाकळा किंवा झेंडू दाट पेरला तर तो गवताला वर येऊ देत नाही. पावसाळ्यात गवतावर काळ्या नागमोडी रेघांचे पांढुरके भुंगे दिसले तर त्यांच्यावर फवारणी करू नका. ते मेक्सिकन भुंगे असून गवताचा पाला खाण्यासाठीच भारतात आणले गेले.

दहा_वर्षे_इसब:

मला हाच आजार आहे. दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. आपण ज्याला नुसते इंजेक्शन म्हणता, ते बहुधा स्टिरॉइड असावे. मीही ते तीन वर्षे घेत राहिलो आणि त्यात माझी साखर वाढली. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू केले. त्याचा गुण दिसायला मला दोन महिने लागले, पण त्यानंतर मी प्रथमच पावसाळ्यात आरशात पाहू शकलो. हे औषध सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक काळाने पांढऱ्या पेशी व यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. युरिक ॲसिडसाठी मी ॲलोप्युरिनॉल घेत होतो, हे डॉक्टरांनी विचारले म्हणूनच मी सांगितले. या दोन गोळ्या एकत्र घेतल्यास रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. वडिलांची प्रत्येक गोळी कागदावर लिहून न्या.

नीरेकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. पापण्यांवर आणि हनुवटीखाली चट्टे आहेत. तालुक्याच्या एका प्रयोगशाळेत रक्ताची ‘ॲलर्जी पॅनेल’ करून मिळते, ती करून घ्यावी का? शेवटचे इंजेक्शन गेल्या आठवड्यातले आहे.

त्वचावैद्य_पुणे:

ती करू नका. त्या तपासणीत आयजीई मोजतात, म्हणजे ती पहिल्या प्रकाराची आहे. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात मिळणार नाही. त्यांना पॅच टेस्ट हवी. त्यात संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवून दोन दिवसांनी काढतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. स्टिरॉइडचा अंमल असताना ही चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणजे ॲलर्जी असूनही ती दिसत नाही, म्हणून इंजेक्शनची तारीख तज्ज्ञांना सांगा आणि चाचणी केव्हा करायची ते त्यांनाच ठरवू द्या. तोवर नवे इंजेक्शन घेऊ नये.

वरच्या सल्ल्यात एक दुरुस्ती सुचवतो. झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल ही गाजरगवताच्याच कुळातली झाडे आहेत आणि काही रुग्णांना त्यांचाही त्रास होतो. चाचणीचा निकाल येईपर्यंत पड जागेत टाकळाच पेरा, आणि यंदा दसऱ्याची तोरणे वडिलांऐवजी दुसऱ्या कोणी ओवावीत.