अनुभव धागा: रॅकमध्ये जड सर्व्हर चढवताना

मंडळी, मॅन्युअलमध्ये 'दोघांनी उचला' एवढंच लिहिलेलं असतं. बोटं कुठे चेमटतात, रॅक (सर्व्हर एकावर एक बसवायची उभी चौकट) कधी कलतो, हे ज्यांनी काम केलंय त्यांनाच ठाऊक. नव्याने या कामात येणाऱ्यांना उपयोग होईल, म्हणून तुमची पद्धत इथे सविस्तर लिहा.

०

आमच्याकडे ६० हार्ड ड्राइव्हचं, ४ यू उंचीचं ('यू' म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) स्टोरेज आलं होतं. साडेतीन इंची ड्राइव्ह साधारण ७०० ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या ड्राइव्हचेच ४२ किलो! आधी प्रत्येकावर स्लॉटचा नंबर चिकटवला, सगळे काढून ठेवले, पॉवर सप्लायही काढले. मगच पेटी लिफ्टवर (सर्व्हर उचलायच्या चाकांच्या गाड्यावर) घेतली. लिफ्टची चाकं लॉक केली, पाट रेलच्या (सर्व्हर ज्यावर सरकतो त्या रॅकमधल्या पट्ट्यांच्या) उंचीला आणला आणि पेटी सरकवली. या सगळ्यात सूचना एकानेच द्यायच्या. दोघे बोलू लागले की एक बाजू आधी सुटते.

०

मी रेलबद्दल लिहिते, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. एक यू ४४.४५ मिमीचा, त्यात तीन भोकं. पण त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं: एका यूच्या आत १५.८८ मिमी, तर दोन यूंच्या सीमेवर १२.७. एक भोक चुकलं तरी रेल पुढे नीट दिसते आणि मागे तिरकी बसते. म्हणून चारही खांबांवर आधी मार्करने खुणा करते. सर्व्हर आत घालताना दोन्ही बाजूंनी 'खट्' ऐकू आल्याशिवाय हात सोडायचा नाही. आणि केज नट (खांबाच्या भोकात बसणारे, स्क्रू धरणारे नट) बोटांनी दाबून बसवू नका, कडा धारदार असतात. हुक वापरा.

०

एका ठिकाणी रॅक जमिनीला बोल्ट केलेला नव्हता, पुढचे आधारपायही आतच होते. एक सर्व्हर रेलवर बाहेर होता, तेवढ्यात सहकाऱ्याने त्याच्या वरचाही ओढला. रॅकची मागची बाजू उचलली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. त्याने तो लगेच आत ढकलला म्हणून निभावलं. एका वेळी एकच सर्व्हर बाहेर, आणि तोही आधारपाय पुढे ओढून टेकवल्यावरच. कितीही घाई असो.

०

यूपीएस तळाशीच, बॅटऱ्या काढून बसवायचा. हे सगळ्यांना माहीत असतं. उतरवताना मात्र लोक हाताशी येईल ते आधी काढतात. तळ रिकामा झाला की सगळा भार वर राहतो. तेव्हा उतरवताना वरचं आधी.