मदत हवी आहे: तीन गावांचं ९११ एकत्र करायचं चाललंय, मीटिंगमध्ये नेमकं काय विचारू?

मागचं_गेट

नमस्कार मंडळी, विषय जरा रुक्ष आहे पण पुढच्या मंगळवारच्या आत उत्तरं हवीत म्हणून धागा काढतोय. न्यू जर्सीवाल्यांनी विशेष लक्ष द्या, बाकीच्यांनाही अनुभव असेल तर लिहाच.

आम्ही सेंट्रल जर्सीत एका छोट्या टाउनशिपमध्ये राहतो (नाव देत नाही, इथे अर्धी मंडळी ओळखीची निघतील). आमच्या गावाचं स्वतःचं ९११ आहे, म्हणजे इमर्जन्सीचे फोन घ्यायला पोलीस स्टेशनच्या मागच्या खोलीत रात्रंदिवस एक जण बसलेला असतो, तोच फोन उचलतो, तोच पोलिसांची गाडी पाठवतो, तोच फायरला आणि फर्स्ट एड स्क्वॉडला (गावाची अँब्युलन्स) कळवतो. शेजारच्या दोन बरोंचंही (तीही छोटी गावंच) असंच आपापलं. आता तिघांनी मिळून एकच डिस्पॅच सेंटर (फोन घेऊन गाड्या पाठवणारं) काढायचं घाटतंय आणि मंगळवारी आमच्या कौन्सिलपुढे त्याचं रिझोल्युशन, म्हणजे ठराव, येतंय. पब्लिक कॉमेंटला माणशी तीन मिनिटं मिळतात.

माझा विरोध आहे, आणि का ते सांगतो. गेल्या फेब्रुवारीत रात्री अडीचला बाबांना (वय ७४, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते) अचानक दम लागला, बोलताही येईना. मी मोबाइलवरून ९११ लावला. बाईंनी पत्ता विचारला, मी सांगितला, तर म्हणाल्या हा पत्ता आमच्या हद्दीत नाही, थांबा ट्रान्सफर करते. मग रिंग वाजतेय वाजतेय. मग आमच्या गावाच्या माणसाने उचलला, परत पत्ता, परत फोन नंबर, परत काय झालंय. आई मागून ओरडतेय, अरे किती वेळा तेच सांगतोयस, गाडी पाठव म्हणावं! पण आमच्या माणसाने पत्ता ऐकल्या ऐकल्या विचारलं, तळ्याकडची बिल्डिंग ना? पुढचं गेट रात्री बंद असतं, मी मागच्या गेटने पाठवतो. आणि खरंच गाडी मागून थेट दारात आली. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एकाच नंबरच्या दोन बिल्डिंगा आहेत, ए आणि बी, जेवण घेऊन येणारी पोरंसुद्धा रोज चुकतात. बाबा ठणठणीत आहेत आता, कालच फोनवर मला शेअर मार्केट शिकवत होते.

तर हा ओळखीचा माणूस जाऊन तिथे वीस मैलांवरचा कोणीतरी बसणार, त्याला तळं माहीत नाही आणि गेटही माहीत नाही. तीन मिनिटांत हे पटेल असं कसं मांडू? कोणाच्या गावात असं झालंय का?

नेपरव्हिलचा_नाना

आमच्याकडे इलिनॉयमध्ये मांडायला वावच नव्हता हो. २०१५ साली राज्याने कायदाच केला, अडीच लाखांवर लोकसंख्या असलेल्या काउंट्यांनी ९११ सेंटरं निम्म्यावर आणायची (निदान दोन राहतील अशी), आणि मुदत दिली २०१७ च्या जुलैची. तेव्हा आमच्या भागात हेच सगळं ऐकलं, आपला माणूस जाणार, रस्ते माहीत नसणार. पण ड्यूपेज काउंटीत बरीच गावं सत्तरच्या दशकापासूनच एका सामाईक सेंटरवर आहेत, ड्यूकॉम म्हणतात त्याला, आणि तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही. तेव्हा विरोधासाठी विरोध करू नका, एवढंच.

टॅक्सग्रस्त

नानांचं ठीक आहे पण जर्सीचं पाणी वेगळं आहे. एवढ्याशा राज्यात ५६४ नगरपालिका, आणि प्रत्येकाला आपला पोलीस चीफ, आपला फायर चीफ, आपलं सगळं हवं. एक ना धड भाराभर चिंध्या. प्रिन्स्टनला एक बरो आणि त्याच्याभोवती एक टाउनशिप, दोन्हीचं नाव प्रिन्स्टन, तेसुद्धा एक व्हायला २०१३ उजाडलं!

माझा प्रश्न पैशाचा. फोनच्या बिलात दर महिन्याला ९० सेंट ९११ च्या नावाने कापतात ते बघा. त्यातला मोठा भाग राज्य दुसरीकडेच वळवतं, एफसीसीच्या (केंद्राची दूरसंचार संस्था) अहवालात आपल्या राज्याचं नाव वर्षानुवर्षं त्यासाठी येतंय. मग सेंटरचा खर्च येतो आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून. मंगळवारी विचारा की खर्च तीन गावांत कसा वाटणार, लोकसंख्येवर की कॉलवर? हायवे ज्याच्या हद्दीतून जातो त्याचे कॉल जास्त, कॉलवर वाटणी केली तर ते गाव दोन वर्षांत कुरकुरायला लागतं. आणि एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर किती महिन्यांची नोटीस, रेडिओ आणि कन्सोल कोणाचे, हे आधीच लिहून घ्या. मोट आवळ्याभोपळ्याची आहे, सुटायला वेळ लागत नाही.

हेडसेटवाली

मी वाचून पुढे जाणार होते पण राहवलं नाही. सात वर्षं झाली, मी एका काउंटी सेंटरमध्ये कॉलटेकर आणि डिस्पॅचर आहे (ईस्ट कोस्टलाच, त्याहून जास्त सांगत नाही). दादा, तुमचीच गोष्ट तुम्ही परत एकदा वाचा. तुमचा वेळ कुठे गेला? ट्रान्सफरमध्ये! मोबाइलचा कॉल जवळच्या टॉवरच्या ज्या बाजूने उचलला गेला त्या बाजूला जे सेंटर जोडलेलं असतं तिथे जातो, गावाची हद्द टॉवरला कळत नाही. छोटी छोटी गावं एकमेकांना चिकटलेली असली की हे रोजचंच. २०२४ च्या सुरुवातीला एफसीसीने मोबाइल कंपन्यांना सांगितलंय की टॉवरवरून नको, फोनच्या लोकेशनवरून कॉल पाठवा, त्याने फरक पडतो, पण हद्दीवर राहणाऱ्याचा घोळ पूर्ण संपत नाही. तिन्ही गावांचं सेंटर एक असतं तर त्या बाईंनी तुम्हाला ट्रान्सफर केलंच नसतं, त्यांनीच गाडी पाठवली असती.

दुसरं. तुमच्या गावाला रात्री एकच माणूस. त्याच वेळी हायवेवर अपघात झाला असता तर? एका अपघाताचे आम्हाला पंधरा पंधरा फोन येतात, येणारा जाणारा प्रत्येक जण लावतो. मग तुमचा फोन वाजत राहिला असता. आपल्या धंद्याचं मानक असं की शंभरातले नव्वद कॉल पंधरा सेकंदांत उचलले गेले पाहिजेत आणि पंचाण्णव वीस सेकंदांत. एकट्या माणसाला रेडिओवर पोलिसांशी बोलता बोलता हे रोज जमत नाही. शिवाय छातीत दुखतंय किंवा श्वास थांबलाय म्हटलं की आम्ही फोनवरून छाती दाबायला शिकवतो, एक दोन तीन चार मोजत, आणि तेव्हा फोन सोडता येत नाही, मग दुसऱ्या कोणीतरी गाडी पाठवायला हवी. जर्सीत तर पॅरामेडिक हॉस्पिटलचे असतात, गावाची अँब्युलन्स वेगळी, त्यांना वेगळं कळवावं लागतं. हे सगळं एका खुर्चीतून!

आता मी कौन्सिलवाल्यांच्या बाजूची आहे असं समजू नका. कारण ते तुम्हाला बचतीचा आकडा दाखवतील आणि खरी गंमत तिथेच आहे. एक खुर्ची चोवीस तास भरायची म्हणजे आठवड्याचे १६८ तास. माणूस ४० तास करतो, म्हणजे चार माणसांत भरत नाही, सुट्ट्या, आजारपण, ट्रेनिंग धरलं की पाच तरी लागतात. तीन गावं, तीन खुर्च्या, पंधरा माणसं. एकत्र करून तीनच खुर्च्या ठेवल्या तर पगारात छदाम वाचत नाही पण सेवा कितीतरी सुधारते. दोन ठेवल्या तर पैसे वाचतात, पण अजूनही एकापेक्षा बऱ्या. म्हणून एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा: पहाटे तीन वाजता किती जण बसलेले असतील? वर्षाची सरासरी सांगू नका म्हणावं, पहाटे तीनचं सांगा.

आणि तुमचं मागचं गेट. ते त्या माणसाच्या डोक्यात आहे, कॅडमध्ये आहे का? कॅड म्हणजे आमची कॉम्प्युटर सिस्टिम, तिच्यात प्रत्येक पत्त्याखाली टीप टाकता येते, गेटचा कोड, कुत्रा आहे, ए बिल्डिंग तळ्याकडे, असं. तो माणूस त्या रात्री रजेवर असता तरी तुमची गाडी पुढच्याच गेटवर अडकली असती हो. एकत्रीकरणात हीच सगळ्यात मोठी चूक होते, जुनी माणसं नाराज होऊन आधीच नोकरी सोडतात, आणि त्यांच्या डोक्यातलं गाव त्यांच्याबरोबर जातं. त्यांना नव्या सेंटरमध्ये घेणार का, सिनिऑरिटी धरणार का, हे विचारा.

मागचं_गेट

ताई, सरळ सांगतो, तुमचं वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली मी हेच म्हणत होते (ती म्हणत नव्हती). आज कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात जाऊन विचारलं की पोलिसांकडे आपला नकाशा दिलाय का. तिथली मुलगी म्हणाली, कसला नकाशा?

कोथरूडची_काकू

आमच्याकडचं सांगू का, विषयांतर वाटलं तर सोडून द्या. इथे महाराष्ट्रात ११२ लावला की फोन आधी नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या सेंटरला जातो, तिथून आपल्या शहराच्या कंट्रोल रूमला, तिथून गाडीला. अँब्युलन्सचं १०८ वेगळंच, ते २०१४ पासून आहे. मी एकदा सोसायटीत भांडण झालं तेव्हा ११२ लावला होता तर पलीकडच्या मुलीने छान मराठीत विचारलं, पण 'मारुतीच्या देवळाशेजारी' म्हटल्यावर ती विचारते, कोणता मारुती? बरोबरच आहे बिचारीचं, पुण्यात मारुती किती! पोलीस आले मात्र लवकर. तेव्हापासून मी पत्ता कागदावर लिहून फोनजवळ लावलाय, पिनकोडसकट. भाऊ, तुमच्या आईबाबांना इंग्रजीत पत्ता सांगता येतो का?

मागचं_गेट

काकू, बाबांना येतो, आईला नाही. आम्ही दोघं ऑफिसात असताना काय हा प्रश्न आहेच.

हेडसेटवाली

आईंना एवढंच शिकवा: ९११ लावायचा, आधी पत्ता (पाठच करून घ्या, बिल्डिंग ए सकट), मग 'मराठी' म्हणायचं, आणि फोन ठेवायचा नाही. आम्ही दुभाष्याला लाइनवर घेतो, थोडा वेळ जातो पण होतं. तुमचं नवं सेंटर ही सेवा घेणार आहे का आणि मराठी, गुजराती, तेलुगू त्यात आहे का, हेही विचारून ठेवा, सेंट्रल जर्सीत तर हवंच.

रात्रपाळी

कोणी बोललं नाही म्हणून एक. डिस्पॅचर पोलीस स्टेशनमधून गेला की रात्री तिथल्या लोकांसाठीच्या खिडकीत कोण बसणार? मी ज्या गावात राहायचे तिथे सेंटर हलवलं आणि रात्री अकरानंतर पोलीस स्टेशनचं दार बंद, बाहेर भिंतीवर एक फोन. नवऱ्याने घराबाहेर काढलेली एक बाई बाळाला घेऊन तिथपर्यंत चालत आली होती, थंडीत, तिला वाटलं बंद आहे, आणि ती परत गेली. नंतर कळलं. लॉकअपच्या कॅमेऱ्यावर नजर ठेवायचं कामसुद्धा तोच डिस्पॅचर करत असतो, ते कोण करणार? हे बजेटमध्ये कुठेच दिसत नाही.

टॅक्सग्रस्त

हा मुद्दा जबरी आहे. आणि मागचं_गेट, मीटिंगच्या आधी ओप्रा रिक्वेस्ट टाका, आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखंच, पण उत्तराची मुदत ७ कामकाजाचे दिवस. मंगळवारपर्यंत येणार नाही बहुतेक, तरी टाकाच. मागच्या वर्षीचे ९११ कॉल, किती ट्रान्सफर झाले, उचलायला किती वेळ लागला, एवढंच मागा.

मागचं_गेट

अपडेट, उशीर झाला, सॉरी. मंगळवारी गेलो. खुर्च्या बत्तीस, माणसं अकरा, त्यातले चार जण झाडं तोडण्याच्या विषयावर बोलायला आलेले. मी विरोध केला नाही. पहाटे तीनचा प्रश्न विचारला तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आधी म्हणाले 'स्टाफिंग पुरेसं असेल'. मी म्हटलं आकडा सांगा. कागद चाळले, शेजारच्याच्या कानात बोलले, मग म्हणाले दोन. शेवटच्या रांगेत आमचा तो रात्रीचा डिस्पॅचर साध्या कपड्यात बसला होता, मी आवाजावरून ओळखला नंतर, तो जोरात खोकला. मग खिडकीचं विचारलं, त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि कौन्सिलमधल्या एका बाईंनी तेच धरून ठेवलं. रिझोल्युशन पुढच्या महिन्यावर ढकललंय.

बाहेर पार्किंगमध्ये त्या डिस्पॅचरला गाठलं, बाबांची गोष्ट सांगितली. त्याला आठवत नव्हती. म्हणाला त्या रात्री चौदा कॉल होते. पण गेटचं विचारल्यावर म्हणाला, कॅडमध्ये नाहीये, पाच वर्षांपूर्वी त्याची स्वतःची मावशी बी बिल्डिंगमध्ये राहायची म्हणून माहीत. नकाशा करून द्या, मी टाकतो, म्हणाला. तर आता शनिवारी मी आणि लेक कॉम्प्लेक्सचा नकाशा काढतोय, गेटं, तळं, ए, बी, फायर हायड्रंट. हेडसेटवाली ताई, कागदावर दिला तर चालेल का, का त्यांना फाइलच लागते? आणि हायड्रंटचे नंबर कुठे लिहिलेले असतात, बर्फाखाली काहीच दिसत नाहीये.