लाकडी जिन्याची चार दिवसांची कार्यशाळा: सगळ्यांनी मिळून एक जिना, की प्रत्येक जोडीला वेगळा?

कुडाळचा मेस्त्री

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ एका गावात माझी सुतारशाळा आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो, त्याला आता ३१ वर्षं झाली. दारं, खिडक्या, देव्हारे, पलंग सगळं करतो, पण जीव रमतो तो जिन्यात. आजवर साठेक जिने उभे केले असतील. त्यातले निम्मे जुन्या घरांच्या माळ्याचे.

आता नवीन घरात जिना सिमेंटचा आणि त्यावर ग्रॅनाइट. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना लॅमिनेट आणि किचन ट्रॉली शिकायची असते, त्यात त्यांचं काही चुकत नाही, काम तिथेच आहे. पण जुने माळे अजून आहेत, त्यांचे जिने दुरुस्तीला येतात, आणि हात लावणारं कुणी मिळत नाही. म्हणून येत्या फेब्रुवारीत चार दिवसांची कार्यशाळा घ्यायची ठरवली आहे. आठ जण. त्यात दोन-तीन माझ्यासारखे कामवाले, बाकी हौशी आणि आर्किटेक्टची मुलं. शिकवण्याचा अनुभव मला नाही. हाताखालच्या पोराला शिकवणं वेगळं, तो वर्षभर बघत बघत शिकतो. चार दिवसांत काय द्यायचं यावर अडलो आहे.

माझ्या डोक्यात असं होतं: सुतारशाळेच्या माळ्याला आता शिडी आहे, तिथे सगळ्यांनी मिळून खरा जिना करायचा. खालच्या जमिनीपासून माळ्याच्या फळीपर्यंत ८ फूट ५ इंच, म्हणजे १०१ इंच. १४ चढ, म्हणजे एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उंची, केले तर एकेक चढ सव्वासात इंचाला जरा कमी येतो. पायरी, म्हणजे पाऊल ठेवायची जागा, १० इंच. वडिलांचा हिशोब होता, दोन चढ आणि एक पायरी मिळून दोन फुटांच्या आसपास यायला हवं. इथे साडेचोवीस येतं. चढायला बरं.

पण १०१ ला १४ ने भागलं की सूतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, पूर्ण उतरत नाही. इथेच शिकणारा फसतो. टेपने एकेक चढ मोजत गेलं आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा सूत जरी चुकला, तरी चौदाव्या चढाला सात सूत, म्हणजे जवळजवळ इंच. म्हणून आम्ही काठी वापरतो. सरळ पट्टी जमिनीवरून माळ्यापर्यंत उभी धरायची, वरची खूण करायची, आणि कंपास थोडा थोडा हलवत १४ उड्या बरोबर बसेपर्यंत पट्टीवर चालवत राहायचं. आकडा लागतच नाही. मला वाटतं पहिला अख्खा दिवस या काठीला द्यावा.

का ते सांगतो. धंद्यात पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा एका घरात जिना केला. माप घेतलं कोब्यावरून. मी काम संपवून गेल्यावर मालकाने लाद्या बसवल्या, खालचा मसाला धरून दोन इंच जमीन वर आली. पहिला चढ सव्वासातचा सव्वापाच झाला. बाकी तेरा बरोबर, फक्त तो एक आखूड. पंधरा दिवसांत घरातली आजी उतरताना शेवटच्या पायरीला पडली, मनगट मोडलं. लाद्या नंतर बसणार आहेत का, हे मी विचारलंच नव्हतं. वडील एवढंच म्हणाले, "जमीन खंय येतली ता पयला इचार, मगे करवत घे." पायऱ्या ज्यात बसतात ते दोन्ही बाजूचे फळे माझ्या खर्चाने नवीन करून दिले. आजींना भेटायलाही गेलो, त्यांनी चहा दिला. ते मनगट अजून आठवतं.

तर प्रश्न तीन. एक जिना की छोटे चार? फळ्यात पायरी बसवायच्या खोबणी पटाशीने शिकवू की राउटरने, म्हणजे विजेच्या कोरायच्या यंत्राने? आणि माणशी ६,५०० रुपये, दोन वेळचं जेवण धरून, हे जास्त होतं का?

शिल्पनिदेशक, नाशिक (निवृत्त)

मेस्त्री, आधी अभिनंदन. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं, म्हणून अनुभवाने सांगतो. एका कामावर आठ जण लावले तर एक कापतो, दोघे धरतात, पाच बघतात. चौथ्या दिवशी जिना सुंदर होतो आणि पाच जण न शिकता घरी जातात. दोघांत एक छोटा जिना द्या. चार चढ पुरेत. तीन पायऱ्या आणि दोन फळ्यांत आखणी, खोबण, पाचर, सगळं येतं. पाचवी खोबण करताना नवीन काही कळत नाही, हात बसतो एवढंच.

पण काठी मात्र पूर्ण माळ्याचीच करायला लावा. प्रत्येक जोडीची वेगळी. मग चारही काठ्या शेजारी शेजारी उभ्या करा. कुठे फरक पडला ते बोलून सांगावं लागणार नाही.

राउटर एका वेळी एकच चालू ठेवा, आणि तो चालू असताना तुम्ही तिथेच उभे राहा. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नकोत, ते पात्यात ओढले जातात. ओढणी, सैल बाह्या, मनगटातला दोरा हे सकाळीच बघून घ्या. यात भीड बाळगू नका, दोरा श्रद्धेचा असला तरी तेवढा वेळ खिशात ठेवायला सांगा.

माती आणि लाकूड

दादा, मी पुण्यात आर्किटेक्ट आहे आणि अशा दोन कार्यशाळांना विद्यार्थी म्हणून गेले आहे, तर त्या बाजूने लिहिते.

पहिल्या कार्यशाळेत आमचे सांधे सैल झाले होते. सकाळी येऊन बघतो तर सरांनी रात्रीत सगळं नीट करून ठेवलेलं. फोटो छान आले, पण माझ्या हातून काय झालं होतं आणि का, हे मला कधीच कळलं नाही. तुम्ही कृपा करून तसं करू नका. माझी खोबण वाकडी असेल तर वाकडी राहू द्या आणि मला त्या पायरीवर चढायला लावा.

तुमच्या वडिलांचा दोन फुटांचा हिशोब वाचून अंगावर काटा आला. आम्हाला कॉलेजात हाच नियम ब्लाँडेल या सतराव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुकाराच्या नावाने शिकवला. माणसाचं पाऊल तेच, म्हणून हिशोबही तोच. हे वर्गात जरूर सांगा. आणि आर्किटेक्टची मुलं येणार असतील तर ती संहितेचे आकडे विचारतील: राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराच्या जिन्याला चढ जास्तीत जास्त १९० मिमी आणि पायरी कमीत कमी २५० मिमी आहे. तुमचा चढ १८३ मिमीच्या आसपास येतो, पायरी २५४. दोन्ही बसतात. जुन्या माळ्यांचे जिने यात बसत नाहीत, तो फरक त्यांना प्रत्यक्ष चढून दाखवा. नऊ इंचांचा चढ, सहा इंचांची पायरी, वर धरायला दोरी आणि उतरताना तोंड जिन्याकडे. कागदावर हे समजत नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. पटाश्या आधीच धार लावून ठेवा, आमचा अर्धा दिवस बोथट पटाशीशी झगडण्यात गेला होता. आणि मुली येणार असतील तर राहायची आणि स्वच्छतागृहाची सोय जाहिरातीतच लिहा. हे विचारायला फोन करावा लागला की निम्म्या जणी येत नाहीत.

६,५०० मला तरी जास्त वाटत नाहीत.

एडिसनहून

मी न्यू जर्सीत राहतो, घराचा बेसमेंटचा जिना स्वतः केला, तेवढाच माझा अधिकार. इथल्या निवासी संहितेत एक कलम आहे ते मेस्त्रींना आवडेल: एका जिन्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा चढ यांत ३/८ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणजे तुमचे तीन सूत. तपासनीस टेप घेऊन प्रत्येक चढ मोजतो. माझा पहिला चढ चुकला होता, कारण तेच, वरून फ्लोअरिंग आलं. मला फळे पुन्हा कापावे लागले.

आखणीसाठी इथे मोठ्या गुण्याला (काटकोनी पट्टीला) दोन छोट्या पितळी गुंड्या कसतात, एक चढाच्या मापावर, एक पायरीच्या. मग गुण्या फळ्याच्या कडेला टेकवून सरकवत जायचं, प्रत्येक वेळी माप बघावं लागत नाही. नवशिक्याला फार सोपं पडतं.

वखारवाला, रत्नागिरी

लाकूड कुठलं घेताय ते लिहिलं नाहीत. हौशी माणूस खोबण बिघडवणार हे धरून चाला, सागवान देऊ नका. पण ओलं लाकूडही देऊ नका. आमच्याकडे पावसाळ्यात चिरलेला आंबा लोक दिवाळीत वापरतात आणि होळीपर्यंत पायरी खोबणीत खुळखुळते. मग दोष सुताराच्या नावावर.

कुडाळचा मेस्त्री

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री यावर विचार केला.

निदेशक साहेब, तुमचं पटलं. एक जिना ही माझी हौस होती, माझ्या माळ्याला जिना मिळाला असता. जोडीला एक छोटा जिना, असंच करतो. गावच्या शाळेचा रंगमंच आहे, जमिनीपासून २९ इंच. चढायला आता दोन खोके ठेवतात आणि स्नेहसंमेलनात पोरं त्यावरून उड्या मारतात. चार चढ काढले तर एकेक सव्वासात इंच, म्हणजे माळ्याच्या जिन्याइतकाच. काठी माळ्याची आणि जिना रंगमंचाचा, पण पावलाला माप एकच. मुख्याध्यापकांशी बोललो, दोन जिने ते ठेवून घेतील, दोन देवळाच्या सभागृहाला देऊ. पण आधी शाळेत जाऊन रंगमंचासमोर नवीन फरशी टाकायची आहे का, हे विचारून आलो. नाही टाकायची.

लाकडाचं सांगतो. दीड इंचाचे दोन फळे, सव्वा इंचाच्या तीन पायऱ्या, मागच्या आडव्या पट्ट्यांना प्लाय. एका जिन्याला घट धरून दोन घनफूट, चार जिन्यांना आठ. अकेशिया घेतोय, गेल्या मार्चमध्ये चिरून छपराखाली पट्ट्या देऊन रचलेला. कामाला कठीण आहे, पण पटाशी कशी धरायची ते कठीण लाकडातच कळतं. वखारवाले भाऊ, तुमची होळीपर्यंत खुळखुळणारी पायरी मी सांगणार आहे, आणि माझ्याकडे तसा एक जुना तुकडा आहे तो हातात देणार आहे.

खोबणीचं असं ठरवलं. खोली चार सूत. प्रत्येक माणसाने पहिली खोबण पटाशी आणि मोगरीने करायची, कितीही वेळ लागो. उरलेल्या राउटरने, फर्मा (साचा) लावून. हाताने एक केली की राउटर कुठे काय खातो ते डोळ्याला दिसतं. उलट केलं तर दिसत नाही, हे मी माझ्या दोन पोरांत बघितलं आहे. पाचर मात्र सगळ्या हातानेच, खालून. पाचर बसताना लाकडाचा आवाज बदलतो, ठक्कन बंद होतो, तिथे थांबायचं. आणखी एक घाव घातला की फळा फुटतो. हे लिहून समजणार नाही, ऐकवावं लागेल, आणि त्यासाठी एक जादा फळा मी मुद्दाम फोडून दाखवणार आहे.

ताई, तुमची खोबण मी रात्री नीट करणार नाही, शब्द देतो. चौथ्या दिवशी दुपारी प्रत्येकाने आपल्या जिन्यावरून दहा वेळा चढायचं-उतरायचं, त्यातले चार वेळा डोळे बांधून, दोघांनी हात धरून. जिथे पाऊल अडखळेल तिथे खडूने खूण. ज्या चढात तीन सुतांपेक्षा जास्त फरक निघेल तो जिना शाळेत जाणार नाही, माझ्याकडे राहील आणि त्याचे फळे पुन्हा होतील, त्याच जोडीच्या हातून, त्यांना जमेल तेव्हा. एडिसनकरांचं कलम मी भिंतीवर लिहून लावतो. गुंड्या इथे मिळत नाहीत, लोहाराकडून पितळेच्या करून घेतो, चार गुण्यांना आठ.

राहायची सोय: शेजारच्या घराची वरची दोन खोल्यांची माडी मुलींना, संडास-बाथरूम तिथेच. जेवण आमच्या घरी, मासे असतील, शाकाहारी वेगळं.

आता एकच अडलं आहे. आठ जणांना पुरतील एवढ्या पाऊण इंची पटाश्या माझ्याकडे नाहीत, तीन आहेत. कुणी नवीन घेतल्या असतील तर कुठल्या कंपनीची धार टिकते ते सांगा, पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला जातोय.