मदत हवी आहे : ग्राइंडर सुरूच होत नाही, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) गेलं का?

राम राम मंडळी. चोपड्याजवळ आमचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. गेट, शेड आणि केळीवाल्यांच्या ट्रॉल्यांची कामं करतो. ४ इंची अँगल ग्राइंडर काम करता करता बंद पडला. बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही.

बोर्डाला २३० व्होल्ट आहेत, त्याच प्लगवर ड्रिल मशीन चालतं. वायर मल्टीमीटरने तपासली, मशीनच्या तोंडाशी जिथे ती सारखी वाकते तिथेही शाबूत आहे. स्विच ठीक. कार्बन ब्रश (आर्मेचरला घासून करंट देणारे कार्बनचे तुकडे) खूप झिजले होते, नवीन टाकले, स्प्रिंगही नीट दाबतात. तरी बंदच.

आता खरी गोष्ट. प्लग काढून, स्विच दाबून प्लगच्या दोन पिनांवर मोजलं तर सर्किट ओपन, म्हणजे करंटचा रस्ता तुटलेला दाखवतं. पण चकती हाताने हळूहळू फिरवली की एखाद्या जागी रीडिंग येतं आणि लगेच जातं. फील्ड कॉइल (मोटरमधली न फिरणारी गुंडाळी) तुटली असती तर कुठेच रीडिंग आलं नसतं, म्हणून माझा संशय आर्मेचरवर आहे. कॉम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरवर ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या, काही पट्ट्या काळ्या पडल्यात.

बारीक काचपेपरने पट्ट्या घासून भागेल का? शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांमधला रेझिस्टन्स मोजला तर किती फरक आल्यावर आर्मेचरची कॉइल तुटली समजायची? दुकानदार सरळ नवीन आर्मेचर घ्या म्हणतो. एवढ्या लहान आर्मेचरचं रीवाइंडिंग (तार नव्याने गुंडाळणं) जळगाव किंवा धुळ्यात कुणी करून घेतलंय का, आणि ते टिकलं का? जाणकार भाऊंनी जरूर सांगावं, ट्रॉल्यांची कामं अडली आहेत.