री: शनिवारचं थँक्सगिव्हिंग पॉटलक, अजेंड्यातला एक मुद्दा

नमस्कार मंडळी,

पॉटलकची शीट पाहिली, मेनू झकास. पण अजेंड्यात "जेवणाआधी २ मिनिटं प्रार्थना / कृतज्ञता" असं कुणीतरी टाकलंय. भांडायचं म्हणून नाही विचारत, पण हा शेवटी ख्रिश्चनांचा सण ना? आपण एकत्र जेवावं, गप्पा माराव्यात, प्रार्थना कशाला? या देशाचे आभार मानायचे तर टॅक्स भरतोच की आपण. आणि १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला मोजून अठरा डोकी होती, त्याचं काय ते पण एकदा बोला.

– द. काका

---

काका, ती लाइन मी टाकली, सॉरी, विचारून टाकायला हवी होती. १५ ऑगस्ट वर्किंग डे होता हो, त्यात सकाळी आठला कोण येणार. प्रार्थना म्हणजे कुठलीही, अगदी वदनी कवळ घेता पण चालेल, एवढंच डोक्यात होतं.

– सचिव

---

काका, या लिस्टवर ख्रिश्चन घर आमचं एकच, त्यामुळे आता माझ्या रिप्लायची वाट बघताय सगळे हे कळतंय मला, तर देते. लांबेल थोडं.

आधी सणाचं. नाताळ, ईस्टर हे चर्चचे सण, हा तसा नाही, ही सरकारी सुट्टी आहे. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडचे लोक पिकं घरात आली की आभाराचा दिवस पाळायचे हे खरं, पण तो सगळ्या देशाचा केला लिंकनने. सारा हेल म्हणून एक संपादिका होत्या, त्या वर्षानुवर्षं पत्रं पाठवून मागे लागल्या होत्या, आणि त्याचा जाहीरनामा निघाला ३ ऑक्टोबर १८६३ ला, म्हणजे यादवी युद्ध ऐन भरात, गेटिसबर्गच्या लढाईला जेमतेम तीन महिने झालेले. नेटवर आहे, वाचा जरूर. सुरुवातीला पिकं, खाणी, वाढती लोकसंख्या वगैरे सगळं येतं, कुठल्याही सरकारी भाषणात येतं तसं, आणि मग तो म्हणतो की आभार मानताना राष्ट्र म्हणून आपण जो आडमुठेपणा केला, आज्ञा मोडल्या, त्याचा नम्रपणे पश्चात्तापही करा, आणि युद्धातल्या विधवा-अनाथांना देवाच्या हवाली करा. सुट्टीच्या कागदात "आमचं चुकलं" असं लिहिलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही. (पुढे १९३९ मध्ये रूझवेल्टने ख्रिसमसच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून तारीखच आठवडाभर अलीकडे ओढली, बऱ्याच राज्यांनी ऐकलं नाही, शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. तेव्हा सेलची घाई काही आजची नाही.)

आता आमच्या घरचं. आमच्या मराठी बायबलात थँक्सगिव्हिंगला शब्द आहे उपकारस्तुती. आजीच्या गावी, नगर जिल्ह्यात, हंगाम झाला की चर्चमध्ये उपकारस्तुतीचं दान असायचं, कुणी ज्वारी, कुणी शेंगा, कुणी अंडी, आणि उपासना संपली की बाहेर त्याचाच लिलाव. आजी दरवर्षी एक तलंग द्यायची आणि मामा दरवर्षी तीच लिलावात सोडवून आणायचा, संध्याकाळी कोंबडी परत त्याच खुराड्यात, आम्ही पोरं हसून हसून बेजार. पण १९७२ ला ज्वारी नव्हती, कोंबड्याही नव्हत्या. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे खायला सुकडी मिळायची, त्यातली मूठभर तिने पदरात बांधून नेली आणि दानाच्या टोपलीत टाकली. आई सांगते, त्या वर्षी लिलाव झालाच नाही, पाळकांनी टोपलीतलं सगळं तिथल्या तिथे पोरांना वाटून टाकलं. लिंकनचं ते वाचताना मला हटकून ती सुकडी आठवते.

आणि गंमत बघा, नगरला चर्च आलं कुठून, तर याच न्यू इंग्लंडमधून. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, कंपनी सरकार त्यांना ठेवूनच घ्यायला तयार नव्हतं, परत जा म्हणून हुकूम, कारण तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्धच चालू होतं. १८३१ पासून नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. म्हणजे इथली माणसं तिकडे गेली, आणि दोनशे वर्षांनी मी तिकडून इकडे आले आणि मला विचारतात, तू कन्व्हर्ट कधी झालीस? अहो, माझ्या पणजोबांना विचारा. तिकडे शाळेत २६ जानेवारीच्या भाषणाला उभी राहिले की मागून एक तरी आवाज यायचा, "यांचा देश वेगळा". ती पाखराची कविता आपण सगळ्यांनी पाठ केलीय ना, "केवढे हे क्रौर्य", ती लिहिणारे ना. वा. टिळक म्हणजे रेव्हरंड टिळक, १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेले, त्यांनी देशभक्तीच्या कविताही लिहिल्या आणि ख्रिस्तावर अभंगही, आमच्या चर्चमध्ये अजून टाळ वाजवून म्हणतात. त्यांना दोन्ही जमलं. मग मला कुणी निवडायला लावू नका.

टॅक्सचं म्हणाल तर येशूने म्हटलंय, कैसराचं, म्हणजे सम्राटाचं, ते कैसराला, पण त्याच वाक्यात देवाचं ते देवाला पण आहे, आणि आभार मी देवाचे मानते, सरकारचे नाही. बायबलात यिर्मया संदेष्ट्याचं एक पत्र आहे, बाबेलला, म्हणजे बॅबिलॉनला, धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं, की घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात आहात त्याचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. (आपल्याला कुणी धरून आणलं नाही, आपण एच-वन व्हिसासाठी रांग लावून आलो, तो भाग सोडा.) नगराची पूजा करा असं नाही म्हटलंय, भलं चिंता म्हटलंय. मला एवढी देशभक्ती पुरते, तिकडची पण आणि इकडची पण.

प्रार्थना नको असेल तर नको, मला राग नाही.

– रू.

---

रू.ताई, छान लिहिलंत. एकच ॲड करतो, १६२० मध्ये इंग्रज वसाहतवाले जिथे येऊन राहिले त्या प्लिमथला १९७० पासून इथले मूळ रहिवासी याच गुरुवारी शोकदिन पाळतात, कारण त्यांच्या दृष्टीने या गोष्टीची सुरुवात वेगळीच आहे. माझ्या मुलीने शाळेतून येऊन सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पश्चात्ताप म्हणताय तर तोही धरा.

– अ.

---

रू.,

तुझी मेल दोनदा वाचली. सिटिझनशिपच्या शपथेत शेवटी "देव मला साहाय्य करो" असं येतं, मनाला पटत नसेल तर ते गाळता येतं. मी गाळलं नव्हतं, पण म्हणताना तोंडातल्या तोंडात पुटपुटलो होतो, कारण डोळ्यासमोर सारखा निळा पासपोर्ट येत होता. पुढे तो सरेंडर करून कॅन्सलचा शिक्का मारून परत आला, अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे, बायको म्हणते फाइलमध्ये ठेवा, मी ठेवत नाही. तू म्हणतेस ते मला सगळं पटलं असं नाही, सुट्टी सरकारी असली तरी मूळ कुणाचं ते दिसतंच. पण ती सुकडीची गोष्ट शनिवारी सांगशील का? दोन मिनिटांत बसणार नाही, पाच घे.

– द. काका

---

ओके, मग शीटमध्ये "प्रार्थना" काढून "रू.ताई, ५ मिनिटं" केलंय, त्यानंतर वदनी कवळ, साडेबाराला जेवण. व्हेज आणि नॉनव्हेजची टेबलं वेगळी आहेत, झाकणांवर लेबल लावूनच आणा, मागच्या वेळचा गोंधळ परत नको. हॉलमध्ये मायक्रोवेव्ह एकच आहे, शक्यतो गरम करूनच निघा. आणि काका, २६ जानेवारीचं झेंडावंदन आपण जवळच्या रविवारी ठेवू या का?

– सचिव