शब्दचर्चा : पेशीतल्या एसआयआरएनएचा 'मागोवा' घ्यायचा की 'माग' काढायचा?

विश्रामबाग, सांगली :
नमस्कार. बारावीच्या मुलांसाठी मराठीतून एक व्याख्यान तयार करते आहे. जिवंत पेशीत सोडलेला एसआयआरएनए फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शीखाली कुठे जातो, कसा पाहतात, हा विषय. एसआयआरएनए म्हणजे 'स्मॉल इंटरफिअरिंग आरएनए', २१ ते २३ जोड्यांचा आखूड, दुपेडी आरएनए. त्यातला एक पेड पेशीतल्या आर्गोनॉट या प्रथिनात बसतो, जुळणारा संदेशवाहक आरएनए गाठतो आणि आर्गोनॉट तो संदेश कापून टाकतं. त्या जनुकाचं प्रथिन मग तयार होणं थांबतं. इथपर्यंत मराठी सरळ येते. अडतं ते 'इंटरफिअरिंग', 'फ्लुओरेसन्स' आणि 'ट्रॅकिंग' या तीन शब्दांवर. मसुद्यात मी 'व्यतिकरणकारी', 'अनुस्फुरण' आणि 'मागोवा' लिहिलंय, पण मोठ्यानं वाचताना जीभ अडखळते. सुचवा.

शाहूपुरी, सातारा :
ताई, 'व्यतिकरण' आधी काढा. मी भौतिकशास्त्र शिकवत आलो, तो शब्द आमच्याकडे गुंतलेला आहे. दोन प्रकाशलहरी एकमेकींवर पडून उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात, ते व्यतिकरण. तुमची मुलं त्याच वर्षी ते शिकतात. त्यात सूक्ष्मदर्शीचं नाव निघालं की त्यांच्या डोक्यात हमखास तेच पट्टे येणार. फायर आणि मेलो यांनी १९९८ साली एका बारीक कृमीत दुपेडी आरएनए टोचून जनुक गप्प केलं, त्याबद्दल २००६ चं नोबेल मिळालं. तिथे 'इंटरफिअरन्स'चा अर्थ जनुकाच्या कामात आड येणं एवढाच आहे. त्याला 'व्यत्यय' पुरतो. 'व्यत्ययी आरएनए' म्हणा, कानाला खटकत नाही.

'अनुस्फुरण'बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडच्या मुलांना 'स्फुरद' पक्का माहीत असतो, खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेलं असतं. 'स्फुरण' ऐकलं की ती फॉस्फरसकडे जातात आणि तिथून फॉस्फोरेसन्सकडे, म्हणजे दिवा काढून घेतल्यावरही चमकत राहणाऱ्या पदार्थांकडे. फ्लुओरेसन्स तसा नव्हे. दिवा गेला की काही नॅनोसेकंदांत तो संपतो. मूळ शब्दही फॉस्फरसवरून नाही. स्टोक्स यांनी १८५२ मध्ये फ्लोरस्पार या खनिजावरून तो पाडला. मला 'प्रतिदीप्ती' पटतो : एका रंगाचा प्रकाश घेऊन त्याला उत्तर म्हणून जास्त तरंगलांबीचा दुसरा रंग देणं.

हरिपूर :
प्रतिदीप्तीला माझंही मत. पण शब्द सांगण्याआधी मुलांना दाखवा, आणि ते आपल्या सांगलीच्याच मालावर दाखवता येतं. काचेच्या छोट्या बाटलीत स्पिरिट घ्या, चिमूटभर हळद टाका, हलवा आणि गाळ खाली बसू द्या. वरचं पिवळं पाणी अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं की हिरवट उजळतं. तो कर्क्युमिनचा उजेड. नुसत्या पाण्यात हळद घालून केलंत तर फारसं काही दिसणार नाही, कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. दिवा बंद केल्याक्षणी उजेड जातो, हेही तिथल्या तिथे दिसेल.

कराड :
आता 'ट्रॅकिंग'. हे काम मी सूक्ष्मदर्शीवर बसून केलेलं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

'मागोवा' नको. गेल्या वर्षाचा मागोवा, चळवळीचा मागोवा, असा तो घडून गेलेल्याचा असतो. 'माग काढणे'ही तसंच : जनावर निघून गेलंय आणि आपण मागून पावलं बघत चाललोय. पेशी फॉर्माल्डिहाइडनं मारून, स्थिर करून पाहता तेव्हा 'माग' शोभतो, कारण तेव्हा तुम्ही थांबलेल्या क्षणाचे ठसे वाचत असता. शिवाय स्थिर करताना रेणू मूळ जागेवरून सरकूही शकतात. जिवंत पेशीत मात्र काही सेकंदांनी एक असं चित्र तासन्‌तास घेत जायचं असतं. ती 'पाळत'. 'जिवंत पेशीतील एसआयआरएनएवर पाळत' हे तुमच्या मुलांना एका वाचनात कळेल.

पण माझा खरा आग्रह क्रियापदांबद्दल आहे. आरएनए स्वतः दिसत नाही. त्याच्या टोकाला साय-थ्री किंवा साय-फाइव्ह असा रंगरेणू जोडलेला असतो आणि दिसतो तो त्या रंगाचा उजेड. पेशीतल्या विकरांनी आरएनए कुरतडला तरी सुटा रंग चमकतच राहतो. म्हणून 'एसआयआरएनए इथे दिसतो' असं बेधडक लिहू नका.

दुसरं, 'पेशीत पोहोचला'. या एका क्रियापदानं फार घोटाळा होतो. लिपिडच्या नॅनोकणांतून दिलेला एसआयआरएनए पेशी गिळते तेव्हा तो एंडोसोम नावाच्या पटलाच्या पिशवीत असतो. सूक्ष्मदर्शीत केंद्रकाभोवती ठसठशीत ठिपके दिसतात, बघणाऱ्याला वाटतं काम फत्ते. प्रत्यक्षात तो अजून कोंडलेला आहे, आर्गोनॉट बाहेर पेशीद्रवात आहे. पिशवीतून बाहेर किती येतो हे २०१३ मध्ये मोजलं गेलं तेव्हा आकडा १ ते २ टक्के निघाला. बाकीचा बहुतेक लयकारिकांच्या, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांच्या, वाटेला लागतो. म्हणून 'शिरला' आणि 'सुटला' हे दोन वेगळे शब्द ठेवा.

हरिपूर :
'सुटला'ऐवजी 'पेव फुटलं' कसं? आमच्याकडे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. एंडोसोमही तसंच बंद पेव.

कराड :
पेव म्हणून एंडोसोम मला आवडला, आतला माल बाहेरून कळत नाही हे अगदी जुळतं. पण 'पेव फुटणे' म्हटलं की मराठी माणसाला लोंढा दिसतो, आणि इथे तर अडचण नेमकी बाहेर फार थोडं येतं ही आहे. 'फाटणे' घ्या. पिशवी फाटली की आतल्या बाजूच्या साखरा उघड्या पडतात आणि गॅलेक्टिन नावाची प्रथिनं त्यांना येऊन चिकटतात. त्या प्रथिनांना आधीच हिरवं चमकणारं प्रथिन जोडून ठेवलेलं असलं की फाटलेल्या जागी हिरवा ठिपका उमटतो. सुटकेचा क्षण पकडायचा हा मला माहीत असलेला सर्वांत देखणा उपाय.

विश्रामबाग, सांगली :
पाळत, शिरला, फाटली, सुटला. हे चारही घेतले. आणि दोन्ही पेडांना दोन वेगळे रंग लावतात त्याचं काय? तिथे मी 'पेड उलगडल्याचा पुरावा' लिहिलंय.

कराड :
'पुरावा' जास्त होतो, 'खूण' लिहा. दोन रंग १० नॅनोमीटरच्या आत असले की पहिल्यानं घेतलेली ऊर्जा दुसऱ्याकडे जाते आणि दुसरा उजळतो. पेड वेगळे झाले की हे थांबतं, पहिल्याचा स्वतःचा रंग वाढतो. पण पेड आर्गोनॉटमध्ये बसताना वेगळे झाले की विकरांनी तुकडे केल्यामुळे, हे नुसत्या त्या रंगबदलावरून ठरत नाही. संदेशवाहक आरएनए खरंच घटला का, ते वेगळं मोजावं लागतं.

शाहूपुरी, सातारा :
एक शंका. पाळत ठेवताना एखादा ठिपका अचानक दिसेनासा झाला तर काय म्हणायचं? रंग उडाला की माल सुटला?

कराड :
सर, शक्यता तीन आहेत आणि तिन्हींना वेगळी क्रियापदं हवीत. सारखा लेसर पडून रंगरेणू निकामी होतात, तेव्हा पेशीतले सगळेच ठिपके हळूहळू मंदावतात : ते 'विझले'. एकच ठिपका झटकन फिका पडला आणि त्याच चित्रात भोवतालच्या पेशीद्रवात पुसट उजेड पसरला : तो 'सुटला'. आणि भिंगाची पातळी थोडी वर-खाली करताच परत दिसला, तर तो पेशीतच वर किंवा खाली सरकला होता : 'नजरेआड झाला'. ताई, मुलांना चित्रफीत दाखवणार असाल तर तिघांचा एकेक तुकडा निवडा आणि कुठला कोणता ते त्यांनाच ओळखू द्या.